कमला सोहोनी : बटाट्यापासून वालाच्या दाण्यापर्यंत विकरांचा शोध

रायपूर : महाराष्ट्र मंडळाची वास्तू असलेल्या येथील चौबे कॉलोनीत एकाच शेंगेला दोन नावे आहेत. मराठी घरांत ती वाल किंवा पावटा असते, तर शेजारच्या छत्तीसगडी घरांत सेमी. दोन्ही स्वयंपाकघरांत तिचे दाणे शिजवल्याखेरीज ताटात येत नाहीत. मराठी पद्धतीने तर वाल भिजवून, मोड आणून, सोलून मगच त्याच्या डाळिंब्यांची उसळ होते. ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिच्यामागील रसायनशास्त्र मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या एका प्रयोगशाळेत उलगडले. ते उलगडणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी. त्यांचा जन्मही महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी घरातच झाला होता.

कमलाबाई मूळच्या भागवत. १९११ मध्ये इंदूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बंगळूरच्या तत्कालीन टाटा विज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेचे, माजी विद्यार्थी होते. ज्येष्ठ लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. एका बहिणीने साहित्याचा मार्ग धरला आणि दुसरीने प्रयोगशाळेचा. आपल्या बुद्धीस पटलेल्या गोष्टीसाठी सत्तेपुढे उभे राहण्याचा स्वभाव मात्र दोघींत सारखाच होता.

मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये कमलाबाईंनी रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन बी.एस्सी. पदवी मिळवली. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव अग्रस्थानी होते. वडील आणि काका ज्या संस्थेत शिकले, तेथेच पुढील संशोधन करावे, या इच्छेने त्यांनी बंगळूरला अर्ज पाठवला. त्याच वर्षी नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे हाती घेतली होती. कमलाबाईंचा अर्ज नाकारण्यात आला. अर्जदार स्त्री आहे, एवढेच त्यास कारण होते.

गुणपत्रिकेत उणीव दाखवता येत नसताना मिळालेला हा नकार कमलाबाईंनी स्वीकारला नाही. त्या थेट बंगळूरला गेल्या, संचालकांना भेटल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही, असा सत्याग्रही पवित्रा त्यांनी घेतला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तितक्या उशिरापर्यंत रात्रीही काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, हेही त्यांनाच सांभाळायचे होते. या अटींतील अपमान त्यांना पुरता कळत होता आणि तो त्या कधीही विसरल्या नाहीत. तरीही त्यांनी अटी मान्य केल्या आणि काम सुरू केले.

संस्थेत एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. भारतातील बहुसंख्य जनतेची प्रथिनांची गरज कडधान्यांतूनच भागत असल्याने हा विषय केवळ पुस्तकी नव्हता. वर्षभरातील त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले. कमलाबाईंचा प्रवेश नियमित झाला आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींसाठीही उघडले. १९३६ मध्ये या संशोधनाच्या आधारे त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली आणि पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला रवाना झाल्या.

कमलाबाईंनी ज्या विषयास आयुष्य वाहिले, तो समजून घेण्यासाठी उत्प्रेरक ही संकल्पना ध्यानात घ्यावी लागते. काही रासायनिक अभिक्रिया स्वाभाविकपणे घडू शकतात, पण अत्यंत मंद गतीने. त्यांत एखादा विशिष्ट पदार्थ अल्प प्रमाणात मिसळला, तर त्याच अभिक्रिया कित्येक पटींनी वेगवान होतात आणि तो पदार्थ शेवटी जसाच्या तसा शिल्लक राहतो. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये या घटनेस उत्प्रेरण या अर्थाचे नाव दिले. सजीवांच्या पेशी स्वतःच असे उत्प्रेरक तयार करतात. त्यांना विकरे किंवा एन्झाइमे म्हणतात.

वेग वाढतो तो अडथळा कमी झाल्यामुळे. रायपूरहून जगदलपूरला जाताना वाटेत केशकालचा वळणावळणांचा घाट लागतो. तो चढण्याइतके बळ असलेली वाहनेच पलीकडे पोहोचतात. डोंगरातून बोगदा काढला, तर दोन्ही गावे आपापल्या जागीच राहतील. पण तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक वाहने पार होतील. रेणूंचेही तसेच असते. जुने बंध तुटून नवे जुळण्यापूर्वी त्यांना ऊर्जेचा एक चढ ओलांडावा लागतो. या चढास सक्रियण ऊर्जा म्हणतात. उत्प्रेरक रेणूंना आपल्या पृष्ठभागावर किंवा आपल्यातील खोबणीत धरून कमी चढाची निराळी वाट उपलब्ध करून देतो. अभिक्रियेचा आरंभ आणि शेवट तो बदलत नाही. जी गोष्ट मुळातच घडणार नाही, ती घडवूनही आणत नाही. तो केवळ प्रवास सुकर करतो.

शेतीच्या अर्थकारणापासून पचनक्रियेपर्यंत सर्वत्र हेच तत्त्व लागू पडते. छत्तीसगडच्या धानाच्या शेतांत पडणारा युरिया अमोनियापासून बनतो आणि हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याच्या कारखान्यांत लोहाचा उत्प्रेरक वापरला जातो. उत्प्रेरक नसेल, तर तेथील प्रचंड उष्णता आणि दाबातही ही अभिक्रिया व्यवहार्य वेगाने घडत नाही. पचनाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. प्रथिनांच्या साखळीतील एखादा बंध साध्या पाण्यात सामान्य तापमानाला आपोआप तुटण्यास शेकडो वर्षे लागतात. प्रयोगशाळेत तेच काम उरकायचे, तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सियस तापमानाला सुमारे २४ तास प्रथिन तापवावे लागते. माणसाच्या आतड्यात मात्र ३७ अंशांच्या आसपास काही तासांत वरणातील प्रथिनांचे विघटन होते. हा फरक विकरांमुळे पडतो.

कमलाबाई केंब्रिजला पोहोचल्या तेव्हा विकरशास्त्र तरुण होते. विकर हे प्रथिनच असते, हे अमेरिकेच्या जेम्स समनर यांनी एका शेंगवर्गीय बियांतील युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे करून १९२६ मध्ये दाखवले होते, आणि तो निष्कर्ष मान्य होण्यास पुढे काही वर्षे लागली. केंब्रिजमध्ये जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळवलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा जीवरसायनशास्त्राचे मोठे केंद्र होती. तेथे कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिश्टर यांच्यासमवेत काम केले. फिनोलवर्गीय पदार्थांचे ऑक्सिडीकरण घडवणारी प्राण्यांतील विकरे आणि ॲड्रेनलिन यांच्यासंबंधीचा दोघांचा शोधनिबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. चिरलेला बटाटा किंवा वांगे हवेत काळे पडते, तेही अशाच प्रकारच्या विकरांमुळे.

रिश्टर अन्यत्र गेल्यानंतर कमलाबाई वनस्पतींच्या ऊतींवर काम करणाऱ्या रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली आल्या. त्यांच्यापुढील प्रश्न मूलभूत होता. प्राण्यांच्या पेशी अन्नातील ऊर्जा मिळवताना इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवत अखेर प्राणवायूपर्यंत पोहोचवतात, हे तोपर्यंत स्पष्ट झाले होते. या साखळीतील सायटोक्रोम नावाच्या रंगीत प्रथिनांचा सखोल अभ्यास केंब्रिजमध्येच डेव्हिड कीलिन यांनी केला होता. वनस्पतींतही हीच व्यवस्था आहे काय, हे ठरायचे होते. कमलाबाईंनी त्यासाठी निवडला तो सर्वांच्या परिचयाचा बटाटा.

बटाट्याच्या ऊतीवर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी आढळले आणि ते सर्वच वनस्पतींच्या पेशींत असते, असे त्यांनी दाखवले. या प्रथिनाच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, पुढे देतो आणि पुन्हा पूर्वस्थितीस येतो. हा क्रम अखंड चालू राहतो. साखळीच्या अखेरीस सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर ते इलेक्ट्रॉन प्राणवायूस देते आणि पाणी तयार होते. शांतपणे पोत्यात पडून असलेला बटाटाही श्वसन करतो आणि त्या श्वसनाची यंत्रणा प्राण्यांच्या पेशींतील यंत्रणेशी नाते सांगते, हा या संशोधनाचा आशय होता. उच्च वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी हिल यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध पुढे १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कामावरील त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता आणि तो सुमारे १४ महिन्यांत पूर्ण झाला. केंब्रिज विद्यापीठाने १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. प्रदान केली. विज्ञानशाखेत ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यापूर्वी १९३१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने डी.एस्सी. दिली होती, हेही येथे नमूद करावयास हवे.

परदेशात राहून संशोधन करण्याची संधी असतानाही कमलाबाई १९३९ मध्ये मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. त्यानंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक झाल्या. १९४७ मध्ये विमागणितज्ज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता. तेथे त्या प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. त्यांच्या कारकिर्दीतील दीर्घ आणि फलदायी पर्व याच विभागात घडले.

येथे त्या पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. पण आता त्यांच्याकडे विकरशास्त्राची दृष्टी होती. डाळीत प्रथिन किती आहे, हा प्रश्न महत्त्वाचा खरा. त्यातील शरीरास प्रत्यक्षात किती लाभते, हा त्याहून महत्त्वाचा. खाल्लेले प्रथिन लहान आतड्यात पोहोचले की स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे विकर त्याच्या लांब साखळीचे ठरावीक जागी तुकडे करते. हे तुकडे झाले नाहीत, तर प्रथिन पोटात असूनही शरीराला परके राहते. गरीब घरातील बालकाच्या बाबतीत हा भेद केवळ शास्त्रीय राहत नाही. ताटात डाळ दिसते, पण वजन वाढत नाही.

अनेक बियांत ट्रिप्सिनला निष्प्रभ करणारी लहान प्रथिने असतात. ती ट्रिप्सिनच्या खोबणीत नेमकी जाऊन बसतात आणि तेथून सहजासहजी हलत नाहीत. भलतीच किल्ली अडकून बसलेल्या कुलपासारखी विकराची गत होते. उत्प्रेरक शाबूत असतो, मात्र काम थांबलेले असते. सोयाबीनमधील असा रोधक १९४० च्या दशकात अमेरिकेत वेगळा करण्यात आला होता. भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिन रोधकांविषयी कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९५५ मध्ये नेचर या ख्यातनाम शास्त्रीय नियतकालिकात त्यांनी आणखी एक निष्कर्ष मांडला. वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतील ट्रिप्सिन रोधक त्यांनी शुद्ध स्फटिकरूपात मिळवले होते.

या निष्कर्षांनी स्वयंपाकघरातील जुन्या रीतींचा अर्थ स्पष्ट केला. रोधक हेही प्रथिनच असल्याने पुरेशा उष्णतेने त्याची घडी मोडते आणि ट्रिप्सिनच्या खोबणीत बसण्याची त्याची क्षमता नाहीशी होते. म्हणूनच कडधान्य नीट शिजवणे हा केवळ चवीचा भाग नाही. सरपण वाचवण्यासाठी अर्धवट शिजवलेली शेंगभाजी ही त्यातील प्रथिनांचीही हानी असते. मात्र बीजाच्या दृष्टीने हा रोधक दोष नव्हे. बियाण्यास किडीपासून संरक्षण देण्याचे काम तो करतो, असे पुढील संशोधनातून दिसून आले.

कमलाबाईंच्या विभागाचे दुसरे गाजलेले काम नीरेवरील होय. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडवर्गीय झाडांच्या या गोड रसाचा अभ्यास हाती घेतला. छत्तीसगडच्या वाचकांना बस्तरमधील सल्फीच्या रसावरून या विषयाची कल्पना येईल. झाडावरून नुकताच उतरवलेला रस गोड असतो. दिवस चढतो तसे त्यातील यीस्ट आपल्या विकरांच्या साहाय्याने साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. तापमान जितके अनुकूल, तितका या उत्प्रेरित अभिक्रियेचा वेग अधिक. त्यामुळेच नीरा पहाटे उतरवून थंड ठेवली जाते. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असून तिच्यापासून बनवलेल्या गुळातही हे पोषक घटक टिकून राहतात, असे कमलाबाईंच्या संशोधनात आढळले. आदिवासी भागांतील कुपोषित बालके आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा स्वस्त पूरक अन्न म्हणून उपयोग होऊ शकतो, हा त्यांच्या कामाचा निष्कर्ष होता. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्काराने गौरवण्यात आले. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पासही त्यांनी सल्लागार म्हणून साहाय्य केले.

संशोधन, अध्यापन आणि प्रशासन या तिन्ही बाबतींत अधिकार असूनही संस्थेचे संचालकपद त्यांना विलंबानेच मिळाले. अंतर्गत राजकारणामुळे हा हक्क काही वर्षे डावलला गेला. बंगळूरला तरुण वयात आलेला अनुभव प्रौढ वयात निराळ्या स्वरूपात पुन्हा त्यांच्या वाट्यास आला. अखेर त्या संचालक झाल्या आणि १९६९ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. इतक्या मोठ्या विज्ञानसंस्थेची धुरा तेव्हा क्वचितच एखाद्या भारतीय स्त्रीकडे होती.

निवृत्तीनंतर त्यांचे कार्यक्षेत्र प्रयोगशाळेबाहेर विस्तारले. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी स्थापन केलेल्या भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. १९८२-८३ मध्ये त्या या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. सामान्य गृहिणीला आहारशास्त्र तिच्याच भाषेत कळावे, यासाठी त्यांनी मराठीत आहारगाथा हे पुस्तक लिहिले. त्यांच्या संशोधनाचा विषय मुळातच घरातील चुलीवर शिजणारा होता. ते ज्ञान मराठीतून त्या चुलीपर्यंत परत नेण्याचे कामही त्यांनी स्वतःच केले.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्लीत त्यांच्या सत्काराचा कार्यक्रम आयोजित केला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीतच त्यांचे निधन झाले. दुर्गा भागवत यांचे नाव मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचले, त्या मानाने कमलाबाईंचे नाव दीर्घकाळ अल्पपरिचित राहिले. भारतीय विज्ञान संस्थेत आज विद्यार्थिनींची उपस्थिती ही बातमी राहिलेली नाही. १९३३ मध्ये मात्र त्यासाठी एका पदवीधर तरुणीस सत्याग्रह करावा लागला होता.

चौबे कॉलोनीतील घरांत वाल किंवा सेमी शिजत ठेवली जाते, तेव्हा त्या पातेल्यात कमलाबाईंनी स्फटिकरूपात पाहिलेला रोधक निष्प्रभ होत असतो आणि खाणाऱ्याच्या शरीरातील उत्प्रेरकाची वाट मोकळी होत असते. भाजी पुरेशी शिजू द्यावी, हा सल्ला घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया पूर्वीपासून देत आल्या आहेत. त्यास प्रयोगशाळेतील पुराव्याची जोड मिळाली, ती कमला सोहोनी यांच्या संशोधनातून.